रिकामा खिळा

...आणि वर मलाच म्हणतात, तुमच्यामुळे सहलीचा विचका झाला. माझ्यामुळे! अहो, मी मुळात निघायलाच तयार नव्हतो. माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावतो, आता दिसतं का, हे भिंग बरं की ते बरं, एवढं विचारून घसा सुकतो, रात्री दोन घास खाऊन आडवा होतो. मला डोंगर बघायचे नसतात. मला दऱ्या बघायच्या नसतात. पण साडू... तुम्हाला सांगतो, माणसाला एक वेळ शत्रू असावा, पण डोंगरातल्या गावात राहणारा साडू नसावा.

साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिकडे पश्चिमेला डोंगर एकमेकांवर रेलून उभे आहेत ना, त्यांच्या बेचक्यात यांचं एवढंसं गाव. एक बाजारपेठ, एक चौक, आणि सूर्य डोंगराआड जातो म्हणून दुपारी चहा घेताघेताच संध्याकाळ. साडूंनी जन्मभर नगरपालिकेत पाण्याची चावी फिरवली. ठरल्या वेळी उघडायची, ठरल्या वेळी बंद करायची. आता निवृत्त झाले, हाताला चावी नाही, मग काय फिरवायचं? पाहुणे! घरात पाहुणा आला की त्याला बसलेला बघवत नाही या माणसाला. भल्या पहाटे दार वाजवणार, ‘चला साडूभाऊ, एका दिवसाची सहल, सकाळी निघू, दिवेलागणीला घरी. बघण्यासारखं आहे.’

बघण्यासारखं आहे. हे दोन शब्द मी पुन्हा ऐकले ना, तर मी माझं स्वतःचं दुकान बंद करीन, सांगून ठेवतो.

पहिल्या दिवशी कुठे नेलं? कड्यावर. वारा असा की माझा चष्मा नाकावर थरथरतोय. तिथे लोखंडी कठडा होता, मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ‘कठडा नवा दिसतो.’ साडू खूश. ‘नवाच आहे. जुना खाली आहे.’ म्हटलं खाली म्हणजे? ‘खाली म्हणजे दरीत. फोटो काढायला सगळे एकदम टेकले होते. वाका जरा, साडूभाऊ, बघण्यासारखं आहे.’ वाका म्हणे! मी जो मागे सरलो तो गाडीत जाऊनच बसलो.

दुसऱ्या दिवशी पूल. पुलाच्या बरोब्बर मधोमध गाडी थांबवली आणि काच खाली करून म्हणतात, ‘हा तिसरा. आधीच्या दोन्ही पुलांचे खांब ते तिकडे पाण्यात दिसतात बघा.’ त्याच्या पुढे तलाव. निळंशार पाणी, बगळे, माझा जीव जरा भांड्यात पडला, तोवर साडू म्हणाले, ‘याच्या खाली अख्खं गाव आहे. पाणी उतरलं की छपरं दिसतात.’ आमच्या सासूबाई बरोबर होत्या, त्या म्हणाल्या, ‘माणसं आधी निघाली होती ना हो?’ साडूंनी पाण्याकडे बघत चांगला विचार केला आणि म्हणाले, ‘बहुतेक.’

तुमच्या लक्षात येतंय का? त्या गावाच्या आसपास जे जे ऐतिहासिक आहे, तिथे तिथे कोणीतरी गेलेलं आहे. मी हिला हळूच म्हटलं, ‘अगं, या डोंगरात एखादी अशी जागा आहे का, जिथून सगळे धडधाकट घरी गेले?’ तर ही काय म्हणाली असेल? ‘अशी जागा बघायला कोण जाईल हो?’ संपलं. माहेरची माणसं जमली की हिचं डोकं असं चालतं.

आणि मग खाण. तुम्हाला सांगतो, तिथून सगळं बिघडलं.

जुनी खाण, डोंगराच्या पोटात सरळ आत गेलेली. पूर्वी काहीतरी धातू निघायचा, तो संपला, आता तिकीट काढून भोक दाखवतात. गाडी खाली लावायची, चढ चढून वर जायचं, वर एक गजांचं लोखंडी दार आणि दाराशी एक लाकडी खोली. खोलीत एक बाई विणत बसलेल्या. मागे हा एवढा लाकडी बोर्ड, त्यावर खिळ्यांच्या ओळी, प्रत्येक खिळ्यावर एक पितळी बिल्ला. विणकाम न थांबवता, वर न बघता बाई म्हणाल्या, ‘आत जाताना एक बिल्ला काढून घ्यायचा. बाहेर आल्यावर लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. बोर्ड भरला म्हणजे आत कोणी नाही.’

म्हटलं, वा, काय सोय आहे. तर आत नेणारा जो वाटाड्या होता, त्याने याचाही इतिहास काढला. ‘पूर्वी एकदा संध्याकाळी पाळी सुटली, सगळे घरी गेले, दार लावलं. बोर्डाकडे कोणी बघितलंच नाही. एक खिळा रिकामा होता.’ सासूबाईंनी विचारलं, ‘मग?’ तो म्हणाला, ‘मग सुट्टी होती.’ सासूबाईंनी त्या काळ्या भोकाकडे एकदा बघितलं, म्हणाल्या, ‘मी गाडीतच बसते बाई, तुम्ही या बघून,’ आणि ज्या उतरायला लागल्या त्या गुडघे दुखत असल्याचंही विसरल्या. मला वाटलं आपणही त्यांच्याबरोबर जावं, सासूबाईंना सोबत म्हणून. पण साडूंनी दंडाला धरलं होतं. ‘चला. बघण्यासारखं आहे.’

आत काय बघितलं, विचारा. दगड. ओला दगड, मग जरा जास्त ओला दगड. आमच्याबरोबर एक रिटायर मास्तर होते, ते दर दगडापाशी प्रश्न विचारायचे, आणि एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, ते दर दगडापाशी मागे राहायचं. बोगदा शेवटी एका गुहेसारख्या खोलीत संपतो, तिथे वाटाड्याने क्षणभर दिवे घालवून दाखवले. खरा अंधार कसा असतो ते बघा म्हणे. अहो, अंधार बघायचा कसा? माझा धंदा आहे हो तो, मला विचारा. पण साडू त्या अंधारातसुद्धा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, ‘बघण्यासारखं आहे.’

बरं, आलो बाहेर. बिल्ले लावले. वाटाड्याने फटफटीला लाथ मारली आणि तो घरी गेला. आम्ही निघणार, एवढ्यात त्या बाईंच्या सुया थांबल्या. बाई बोर्डाकडे बघत होत्या. खालच्या ओळीत, कोपऱ्याजवळ, एक खिळा रिकामा होता.

‘कोणाचा राहिलाय?’ म्हणाल्या. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी लावला, हिने लावला, मेहुणीने लावला, मास्तरांनी तर सरळ आहे की वाकडा हेही तपासून लावला होता. खिसे उलटे केले, पर्सा ओतल्या, नव्या नवरीने रुमाल झटकला, बिल्ला नाही. मग बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणजे कोणीतरी आत आहे.’

आता गंमत बघा. गंमत कसली, माझ्या अंगावर आत्ता सांगताना काटा येतोय. मास्तर म्हणाले, ‘हो, माझ्या मागे एक गृहस्थ चालत होते खरे. उंच.’ नवी नवरी म्हणाली, ‘उंच नव्हते, बुटके होते, खोकत होते.’ मेहुणी म्हणाली, ‘अगंबाई, ते टोपीवाले ना? मला म्हणाले की, ताई, डोकं जपा.’ साडू म्हणाले, ‘सज्जन माणूस होता.’ अहो, तुम्हाला कुठे भेटला? पण कोणी ऐकेना. आणि सगळ्यात वाईट काय माहितीये? मलाही आठवायला लागला! ते दिवे घालवले होते ना, तेव्हा माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी उभं होतं, साडू तर उजवीकडे होते... मग डावीकडे कोण होतं?

उजेड उतरायला लागला होता. खाली गाडी दिसत होती, एवढीशी. साडू म्हणाले, ‘बाई, आम्हाला घाट उतरायचाय.’ बाई म्हणाल्या, ‘ज्या खेपेचा खिळा रिकामा, ती खेप घरी जात नाही. नियम आहे. जुना.’ मग तुम्ही आत जाऊन बघा! ‘मी बोर्ड सोडून जात नाही. तोही नियम आहे.’ मग जाणार कोण? मास्तरांना दम्याचा त्रास. नव्या नवऱ्याचा हात नवरीने दोन्ही हातांनी धरलेला. आणि आमचे साडू, या डोंगरातला दगड अन् दगड माहीत असलेले साडू, माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, ‘आमचे साडूभाऊ जातील. त्यांचा नजरेचाच धंदा आहे.’

मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं ही तरी नको म्हणेल. तर हिचे डोळे भरलेले. म्हणाली, ‘कोणीतरी आहे हो आत. एकटं. त्याच्या घरी वाट बघत असतील.’

आणि खरं सांगू? मलाही वाईट वाटलं. चेष्टा नाही करत. एवढ्या अंधारात एक माणूस, आपल्यासारखाच तिकीट काढून आलेला, आणि आपण बाहेर उभे राहून घाट उतरायची घाई करतोय. आपल्याला कोणी असं सोडून गेलं तर? बाईंनी मला डोक्यावरची लोखंडी टोपी दिली, एक टॉर्च दिला. बिल्ला दिला नाही. शोधायला जाणाऱ्याचा खिळा बोर्डावर नाहीच म्हणे, त्यांनी नंतर सांगितलं. मलाही तेव्हा मागायचं सुचलं नाही. मी गेलो.

एकटं आत चालणं वेगळं असतं हो. मघाशी जो दगड नुसता ओला होता तो आता तुमच्याकडे बघत असतो. भिंतीवरचे दिवे मिणमिणते, दोन दिव्यांच्या मधे काळोख, टॉर्च फक्त खट् वाजायचा, उजेड पडायचा नाही. आणि हाक काय मारायची? त्याचं नाव कुठे माहीत होतं? मी आपलं म्हणतोय, ‘अहो... अहो, टोपीवाले... घाबरू नका, मी आलोय.’ मी आलोय! आणि एक हात भिंतीला! दर दोन पावलांना वाटायचं की त्याने ओ द्यावी, आणि लगेच वाटायचं, देवा, ओ देऊ नये.

शेवटच्या त्या खोलीपर्यंत गेलो. कोणी नाही. कोपरे बघितले, दगडांमागे बघितलं, वर बघितलं, वर कोण असणार, पण तेही बघितलं. कोणी नाही म्हणजे नाही. मी मागे वळलो, जरा जोरात, पळालो म्हणा हवं तर. बोगदा जिथे शेवटचा वळतो तिथे पोचलो आणि बाहेरचे आवाज ऐकू आले. त्यात सासूबाईंचा आवाज!

सासूबाई वर आल्या होत्या, एवढा वेळ काय करताय बघायला. आणि विचारत होत्या, ‘काय शोधताय, हे तर नव्हे?’ अहो, बिल्ला त्यांच्या पर्समध्ये! सगळ्यांबरोबर त्यांनीही खिळ्यावरून काढला होता, मग आत यायचं रद्द केलं, पण बिल्ला घेऊन गाडीत जाऊन बसल्या. का? तर म्हणाल्या, ‘तिकीट काढलं होतं ना माझं? मग तो माझाच. मी म्हटलं, आत नाही गेले तर निदान हे तरी पदरात पडू दे.’ पितळ चांगलं जाड आहे, असंही वर म्हणाल्या.

बाहेर एकच हशा. मास्तर म्हणतात, ‘मला वाटलंच होतं, माझ्या मागे कोणीच नव्हतं.’ नवी नवरी म्हणते, ‘खोकत तर हेच होते.’ मेहुणी म्हणते, ‘टोपी? कसली टोपी?’ इतक्या प्रेमाने आठवलेला माणूस क्षणात पुसून टाकला. मीही आत उभा राहून हसलो. मग टण् असा आवाज आला. बिल्ला खिळ्यावर बसला. आणि बाई म्हणाल्या, ‘बोर्ड भरला.’

दिवे गेले.

पाठोपाठ लोखंडी दार करकरलं, साखळी खळखळली. माझ्या तोंडातून नुसता आवाज निघाला... ‘ऊऽऽ’ असा काहीतरी. आणि तो बोगद्यातून गडगडत, फुगत बाहेर गेला. मग नवी नवरी किंचाळली, ‘तोच आहे!’ आणि तुम्हाला सांगतो, सगळे पळाले. सगळे! मास्तर दम्यासकट पळाले, साडू पळाले, सासूबाई गुडघ्यांसकट पळाल्या, आणि माझी बायको, जी मघाशी त्या परक्या माणसासाठी रडत होती, तीही बहिणीचा हात धरून पळाली. चढावरून पावलं धडधडत खाली गेली.

मी भिंत चाचपत, ठेचा खात दाराशी आलो. गजांच्या पलीकडे अजून थोडा उजेड होता. बाई पाठमोऱ्या, लोकरीचा गुंडा पिशवीत भरत होत्या. मी म्हटलं, ‘अहो बाई, मी आत आहे.’

वळल्या नाहीत. बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘आत कोणी नाही. बोर्ड भरलेला आहे.’

‘अहो, तुम्हीच मला पाठवलंत! टॉर्च दिलात!’

‘रोज असंच असतं,’ बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. ‘दार लावलं की आवाज येतात. कोणी म्हणतं मी आहे, कोणी म्हणतं उघडा. पहिल्यांदा मीही उघडायचे. आता नाही बघत. मी फक्त बोर्ड बघते आणि घरी जाते.’

माझ्या पाठीमागे तो अख्खा डोंगर होता हो. आणि मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली... अंधाराची नाही, या बाईंच्या शांतपणाची. मी जिवंत आहे हे माझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हतं. बाईंनी दिवा घालवला, खोलीला कुलूप घातलं, पिशवी काखेत मारली. मी गज धरून नुसता उभा. ओरडायचं तर काय म्हणून ओरडायचं? जे जे ओरडलो असतो ते ते त्यांनी रोज ऐकलेलं होतं.

तेवढ्यात ही आली. धापा टाकत, एक चप्पल पायात, एक हातात. गाडी सुरू झाल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘पुढची जागा रिकामी का गं? जावई कुठेत?’ साडू म्हणाले, ‘येतील मागून.’ मागून! डोंगराला मागून वाट आहे का? ही तशीच उतरून पळत वर आली. गजातून माझा हात तिने घट्ट धरला आणि इतकी रडली, इतकी रडली की मला तिचा राग करायचाच राहून गेला.

बाईंना हिने हातापाया पडून परत वळवलं. पण दार उघडेनात! म्हणाल्या, ‘जो आत नाही त्याला बाहेर कसा काढू?’ शेवटी मार्ग काढला. खोली उघडली, दिवा लावला, बोर्डावरचा एक बिल्ला काढला, गजातून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ‘आता तुम्ही आत आहात.’ मग साखळी सोडली, दार उघडलं. मी बाहेर आलो. बिल्ला खिळ्यावर लावला. ‘आता बाहेर आलात.’ मी त्यांना नमस्कार केला, खरंच वाकून केला. तोवर खालून साडू वर आले, माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणाले, ‘आत एकट्याने जायला मिळणं म्हणजे भाग्य हो, साडूभाऊ. बघण्यासारखं असेल.’ मला फक्त घरी जायचं होतं.

बाईंनी पुन्हा दार ओढलं, साखळी घातली. खोलीतला दिवा अजून तसाच होता, आम्ही तिघं चार पावलं उतरलो असू. आणि मागून, आतून, अगदी हळू, कोणाला त्रास नको अशा बेताने एक आवाज आला. ‘अहो... थांबा ना जरा.’

सगळ्यांनी ऐकलं. हिने माझा दंड धरला. बाईंनी वळून बोर्डाकडे बघितलं. मग साडूंनी बघितलं, हिने बघितलं. मीही बघितलं, चष्मा पुसून, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, गिऱ्हाईकाला वाचायला लावतो तसं एकेक खिळा बघितला.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही नुकतेच त्यातून सुटला होतात, मग निदान तुम्ही तरी काहीतरी केलंत ना? अहो, काय करणार? बोर्ड भरलेला होता. गाडीत जाऊन बसलो.